नववं पाखरू

१

उदगीरच्या खातूनबींच्या चित्रातून एक पाखरू नाहीसं झालं, ही बातमी शिवगंगाबाई हलगे यांना मंगळवारी दुपारी कळली. लातूरच्या घरी त्या सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. फोनवर तनुजा होती, त्यांच्या जुन्या कॉलेजात कलेतिहासावर प्रबंध लिहिणारी मुलगी. तिचा आवाज कोरडा पडला होता.

"नाहीसं म्हणजे? चित्र चोरलं का गं कुणी?"

"चित्र आहे, बाई. पेटीतच आहे. त्यातलं पाखरू नाही. गेल्या महिन्यात मी नऊ मोजली होती, वहीत लिहून ठेवलीत. आता आठ आहेत. कुठं खरवडलेलं नाही, डाग नाही. त्या जागी नुसता बाभळीचा पाला. तिथं कधी कुणी बसलंच नव्हतं असं वाटतं."

शिवगंगाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

त्या चित्राला त्या सेहेचाळीस वर्षं ओळखत होत्या. सतराव्या शतकातल्या कुणा दख्खनी चिताऱ्याने काढलेलं दीड वीत उंचीचं कागदी चित्र. त्यात राजा नाही, बेगम नाही, शिकार नाही. विहिरीवर झुकलेली बाभूळ, तिला लटकलेली सुगरणींची घरटी आणि पाखरं, एवढंच. माणसाला बाजूला ठेवून झाडापाखरांकडे इतक्या मायेने बघणारा तो चितारी कोण असेल, या एका प्रश्नावर शिवगंगाबाईंनी तिशीत एक लेख लिहिला होता. त्या लेखाने त्यांना नाव दिलं, नोकरी दिली. आणि त्यात लिहिलं होतं, पाखरं आठ.

"माझ्या लेखात आठच आहेत, तनुजा."

"माहीत आहे. म्हणूनच आमचे विभागप्रमुख, वैजनाथ सर म्हणतात, नऊ कधी नव्हतीच. नवा शोध दाखवायला मी एक पाखरू मनानं घातलं. आणि तिकडं खातूनबींच्या मुलानं, तय्यबभाईंनी कॉलेजला अर्ज दिलाय की मी खरं चित्र नेलं आणि नकली ठेवलं. एक म्हणतो थापाडी, एक म्हणतो चोर. शनिवारी समिती बसणार आहे. दोन्हीतलं काहीही ठरलं तरी माझी नोंदणी रद्द होणार, बाई. पाच वर्षं गेली यात."

शिवगंगाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"उद्या पहिल्या गाडीनं उदगीरला ये. मी येते."

२

किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्लीत तय्यबचं जिल्दसाजीचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. पुस्तकं बांधायच्या खळीचा आंबूस वास थेट माजघरापर्यंत येई. अठ्ठ्याहत्तर साली आल्या तेव्हाही हाच वास होता. तेव्हा अंगणात लिंबावर चिमण्यांचा इतका गलका असायचा की बोलणं ऐकू येत नसे. आज भर सकाळी तिथं चिडीचूप होतं.

खातूनबी खाटेवर बसल्या होत्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. एक डोळा पार गेलेला, दुसऱ्यात नुसतं धुकं.

"कोन, शिवगंगा? आवाज म्हातारा झाला गं तुझा."

"वय झालं, खातूनबी. तुमचा तसाच हाय."

"माझा कशाला बदलतोय. मी लग्नाच्या दिवसापासून म्हातारीच हाय, ह्यांच्या घरात येऊन." हसता हसता त्यांनी कमरेची किल्ली काढली. "बघ, तूच बघ. माझं कोन ऐकत न्हाई."

पेटी उघडली तसा वाळल्या कडुलिंबाचा कडू वास आला. किडीसाठी तो पाला घालायची आणि दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला बदलायची घरची रीत होती. गेल्या शुक्रवारी पाला बदलताना खातूनबींनी चित्रावरून नेहमीसारखं बोट फिरवलं आणि तिथंच थांबल्या होत्या.

"आमचं चित्र बोटाखाली गारगोटीवानी गुळगुळीत. हे बोटाला पकडून राहिलंय. मी नाझनीनला म्हनलं, बघ गं, हिरवं पाखरू हाय का जाग्यावर. ती बघून रडायलाच लागली."

शिवगंगाबाईंनी भिंग काढलं. जुने चितारी चित्र पालथं घालून मागून गुळगुळीत दगडाने घोटायचे, एकेका रंगाला पुन्हा पुन्हा. हा कागद घोटलेलाच नव्हता. नक्कल होती, यात शंका उरली नाही. पण हात मोठा तयारीचा. पाण्याचा मोरपंखी रंग, नरांच्या डोक्यावरची पिवळी टोपी, विहिरीच्या काठावरचं शेवाळ, सगळं जिथल्या तिथे.

डावीकडून तिसऱ्या सुगरणीवर भिंग आलं आणि त्या थबकल्या. तिच्या चोचीत एक बारीक, वाकडी, पांढरी काडी होती.

"तनुजा, तुझी वही दे."

तनुजाने खऱ्या चित्रासमोर बसून पेन्सिलीने केलेलं रेखाटन समोर धरलं. खातूनबी कुणालाच मोबाइलने फोटो काढू देत नसत, त्यामुळे तिच्याजवळ एवढंच होतं. त्यात तिसऱ्या सुगरणीची चोच रिकामी होती.

म्हणजे नकलेत एक पाखरू कमी आणि एक काडी जास्त. ती काडी शिवगंगाबाईंनी पूर्वी कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते आठवेना. त्यांनी ती तनुजाच्या वहीच्या कोपऱ्यात टिपून घेतली.

३

"बाई, तुमचा मान हाय," तय्यब दुकानात सुई-दोरा थांबवून म्हणाला, "पण पोरगी तुमचीच. तीन येळा आली, सकाळपासून सांजपत्तर एकटी बसली चित्रापुढं. हातात कला हाय तिच्या. दुसरा कोन असनार?"

"पोलिसात का नाही गेलास?"

"अम्मी न्हाई म्हनती. दारात पोलिस आला की गल्ली चार पिढ्यांचं उकरून काढती."

"ती शेवटची आली त्या दिवशी आणखी कोण होतं घरात?"

तय्यबने आठवून सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ मुज्तबा होता. त्याने एकदा चित्र खिडकीशी नेऊन उजेडात धरलं होतं. आणि नांदेडहून ते फोटोवाले मन्मथअप्पा आले होते, जुन्या ओळखीने अम्मीला भेटायला. दोघा म्हाताऱ्यांनी तासभर गप्पा मारल्या. दुपारच्या नमाजला दोघे भाऊ मशिदीत गेले, तनुजा त्या दिवशी लवकर काम आटपून आतल्या खोलीत अम्मीच्या डोळ्यांत औषध घालत होती, नाझनीन चहा करत होती. "अप्पा बसले हुते चित्रापाशी, चहा हुईस्तवर. बिचारे लई थकलेत आता."

मुज्तबा पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यापासून ते कामही आटलं होतं. शिवगंगाबाईंना त्याच्या डब्यात खारीच्या केसांचा एक बारीक कुंचला दिसला, तसा कुंचला पाट्यांना लागत नाही.

"हा कशाला रे?"

"गाड्यांवर नावं लिवायला. 'आईचा आशीर्वाद', 'माँ की दुआ', दोन्ही आपनच लिवतो." तो हसला. "बाई, मी खताच्या दुकानावर बैल काढलेला मानूस. सुगरण काढ म्हनाल तर कोंबडी निघंल."

"चित्रात पाखरं किती, माहीत आहे?"

"आठ. भाईला इचारा, तोबी आठच म्हनल. ह्या बायकाच नऊ नऊ करून राहिल्यात."

बायका. शिवगंगाबाई स्वयंपाकघरात गेल्या. तय्यबची बायको नाझनीन ज्वारीचं पीठ चाळत होती. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग हळू आवाजात बोलली.

"लग्नाच्या चौथ्या दिवशी मला चित्रापुढं बसवलं हुतं. ह्या घरात नव्या सुनंला पाखरं मोजायला लावतेत. मी आठ म्हनून उठले. अम्मी म्हनल्या, बस परत. तीन दिस बसवलं, बाई. पुरुषांना कोन बसवतंय."

"आणि मग दिसलं?"

"दिसलं. पाल्यात बसलेलं. येडा राघू, तारंवर बसून माश्या धरतो त्यो. पाल्याच्याच रंगाचा." तिची चाळणी थांबली. "दिसत न्हाई तवर वाटतं आपुनच चित्राला बघून राहिलो. दिसलं की कळतं, कवापासून त्येच आपल्याला बघत हुतं. पैलं भ्या वाटलं. मग सवय झाली. घरात कुनीतरी जागं हाय असं वाटायचं."

"आणि आता?"

"आता त्या खोलीत जाऊन बघा. कुनीच बघत न्हाई. झाडू मारायला जाववत न्हाई मला."

शिवगंगाबाई गेल्या. पेटीसमोर दहा मिनिटं एकट्या बसल्या. बाहेर ऊन रणरणत होतं आणि खोलीत, अंगावरचं पांघरूण कुणी ओढून न्यावं तसं उघडंउघडं वाटत होतं. त्या उठल्या. आपण घाईने उठलो, हे त्यांना उंबरा ओलांडल्यावर कळलं.

ओसरीवर अठ्ठ्याहत्तर सालचा, चौकटीत घातलेला चित्राचा काळापांढरा फोटो टांगलेला होता. त्यांनीच काढवून घेऊन घराला दिलेला. जाता जाता त्यांनी पाखरं मोजली.

फोटोत आठच होती.

४

गुरुवारी सकाळी तनुजा लातूरला त्यांच्या घरी आली. शिवगंगाबाईंनी लोखंडी कपाटातून आपल्याजवळची त्याच फोटोची प्रत काढून टेबलावर ठेवली होती. त्यातही आठ पाखरं होती. तिसरीच्या चोचीत काडी नव्हती, उदगीरच्या ओसरीवरच्या फोटोतही नव्हती.

"नववं कुठं होतं, दाखव."

तनुजाने वही उघडून जागा जुळवली आणि फोटोवर बोट ठेवलं. तिथं राखाडी पाला होता. शिवगंगाबाईंनी भिंगातून खूप वेळ पाहिलं. पाल्यात एक आडवी काळी रेघ होती, वाळल्या काटकीसारखी.

"ही काटकी आहे ना गं?"

"नाही, बाई. ती राघूच्या डोळ्याजवळची रेघ."

शिवगंगाबाई उठल्या. स्वयंपाकघरातून कोथिंबिरीची जुडी आणि एक हिरवी मिरची आणली. मिरची जुडीत खोचली.

"तुझ्या मोबाइलवर ह्याचा काळापांढरा फोटो काढ."

तनुजाने काढला. दोघींनी पडद्यावर पाहिलं. कोथिंबीर होती. मिरची कुठेच नव्हती.

शिवगंगाबाई म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तरला खातूनबींच्या सासूबाईंनी मला चित्र दुपारभर बघू दिलं. रंग लिहून घेतले मी. पाखरं नाही मोजली. लेख लिहिला तो इथं, घरी बसून, हा फोटो समोर ठेवून. मोजली ती ह्याच्यातली." त्यांनी फोटो उपडा केला. "सगळी नोकरी मी मुलांना शिकवत आले, चित्राकडे बघा, फोटोकडे नको."

तनुजाने फोटो पुन्हा सुलटा केला.

"ते राहू दे. आता नकलेचं बघू. ज्यानं नक्कल केली त्यालाही राघू दिसला नाही. का दिसला नाही? त्याच्यापुढं खरं चित्र असतं तर त्यानं रेघ न रेघ उचलली असती, राघूसकट. तो काळ्यापांढऱ्या फोटोवरून काढत होता. म्हणजे तू नाहीस. तू तर नऊ लिहून बसलीस, आठ कशाला काढशील? नाझनीन नाही, खातूनबी नाहीत. त्या घरच्या बायका नऊ सोडून बोलायच्या नाहीत."

"मुज्तबा? त्याला नववं माहीत नाही. आणि तो खारीच्या केसांचा कुंचला."

"पेटी त्याच्याच घरात आहे. म्हातारीला दिसत नाही. चार दुपारी पेटीपाशी बसला असता तर खऱ्यावरून काढता आलं असतं. तो फोटोवरून कशाला काढेल? आणि घरातल्या फोटोत काडी नाही. नकलेत आहे." त्या थांबल्या. "हे काम अशा माणसाचं, ज्याला खरं चित्र फक्त चार-पाच मिनिटं हाती लागणार होतं. अदलाबदलीपुरतं. नक्कल आधीच तयार करून आणलेली."

"पण बाई, काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग कसे कळले त्याला? पाणी, शेवाळ, सगळं बरोबर आहे. माझ्या नोंदींशी ताडून पाहिलं मी."

शिवगंगाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रंग मी सांगितले," त्या म्हणाल्या.

५

मन्मथअप्पांचा लातूरच्या गंजगोलाईजवळ स्टुडिओ होता. त्या काळी घरातलं माणूस गेलं की लोक त्याचा एखादा लहानसा फोटो घेऊन अप्पांकडे यायचे. अप्पा तो मोठा करून रंगवून द्यायचे. गेलेल्याला त्यांनी कधी पाहिलेलं नसायचं. मग विचारायचे, फेटा कुठल्या रंगाचा होता, डोळे घारे का काळे, लुगडं कसलं नेसायच्या. लोक सांगत, अप्पा भरत. आणि फोटो हातात घेतल्यावर माणसं हमखास रडत, अगदी तसंच आलंय म्हणून.

उदगीरच्या चित्राचा फोटो त्यांनीच काढला होता, लाकडी पेटीच्या कॅमेऱ्याने. त्यात सगळं उलटं दिसतं, वर विहीर आणि खाली झाड. नंतर कित्येक वर्षं, भेट झाली की ते विचारायचे, "बाई, त्या पाण्याला रंग कुठला होता हो? घरट्यांना पिवळट छटा का तपकिरी?" शिवगंगाबाई कौतुकाने सांगायच्या. भूकंपाच्या वर्षी अप्पा स्टुडिओ बंद करून नांदेडला लेकीकडे गेले, तरी दिवाळीच्या पत्रात एखादा रंग विचारलेला असे.

शुक्रवारी अहमदपूरवरून नांदेडला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांना ती काडीही आठवली. पहिल्या फोटोत होती ती. एक बारीक पांढरी वाकडी रेघ, तिसऱ्या पाखराच्या चोचीशी. त्या चिडल्या होत्या. अप्पा ओशाळून म्हणाले होते, "निगेटिव्हवर केस बसला होता, बाई. ही प्रत फाडून टाकतो. दोन चांगल्या काढून देतो." त्या दोन चांगल्यांतली एक उदगीरला, एक लातूरला.

पहिली फाडलीच नव्हती.

नांदेडच्या वजिराबादेतल्या घराचं दार अप्पांच्या लेकीने, सिंधूने उघडलं. "बाबा गच्चीवरच्या खोलीत असतेत, बाई. महिना झाला, जेवायलाबी खाली येत न्हाईत. नातवंडं म्हनतेत आजोबा कुनाशीतरी बोलत बसतेत."

पत्र्याच्या त्या खोलीच्या खिडक्यांना काळा रंग फासलेला होता. दार ढकलताच शिवगंगाबाईंना प्रथम काही दिसलं नाही. मग डोळे सरावले. खोलीभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांना चिमट्यांनी तेच चित्र अडकवलेलं होतं. तीस, चाळीस, जास्तही असतील. प्रत्येकात बाभूळ, प्रत्येकात विहीर, आठ पाखरं, आणि जवळच्या साऱ्यांत तिसरीच्या चोचीत काडी. पलीकडे स्टुलावर मन्मथअप्पा बसले होते, अंगात बंडी, हातात कुंचला.

"या बाई," ते अगदी सहज म्हणाले. "बसा. जागा करतो."

"केस होता तो, अप्पा."

"कुठला केस?"

"काडी नाही ती. निगेटिव्हवरचा केस आहे. तुम्हीच सांगितलं होतं."

अप्पांनी जवळच्या नकलेकडे पाहिलं, मग दुसऱ्या. त्यांचे ओठ हलले. "विसरूनच गेलो होतो," ते पुटपुटले. "रोज बघून राहिलो मी ती काडी. खरं चित्र आणलं तर त्यात काडी नव्हती. मला वाटलं, झिजून गेली असेल."

"कशाला आणलंत?"

"सगळी हयात न बघितलेल्यांना रंग देण्यात गेली, बाई. लोक सांगतील ते भरायचं. हे एक तरी खऱ्या रंगात बघून मरावं वाटलं. चार दिवसांत परत ठेवणार होतो. मग हात होईना परत द्यायला."

"तिथं एका मुलीचं आयुष्य पणाला लागलंय."

"मला वाटलं, कुणाला कळायचं नाही." अप्पा खाली बघत म्हणाले. "म्हातारी आंधळी. आणि पाखरं तर आठच. तुम्हीच लिहिलंय ना, आठ."

शिवगंगाबाई खऱ्या चित्रासाठी दोऱ्यांकडे वळल्या. एकासारखं एक. भिंग काढायला पिशवीत हात घातला आणि तेवढ्यात त्यांना मानेमागे जाणवलं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय. अप्पा तर समोर होते. सिंधू खाली होती.

त्या हळूहळू वळल्या. दाराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप कोपऱ्यातल्या दोरीवर पडली होती. तिथं शेवटचं चित्र, रेशमासारखं घोटलेलं. त्या जवळ गेल्या. पाला, पाला, नुसता पाला. मग एक काळी रेघ. मग त्या रेघेत एक तांबूस डोळा, आणि डोळ्याभोवती एकाएकी सगळं हिरवं अंग. सेहेचाळीस वर्षं ते तिथं बसलं होतं.

"अप्पा, इकडं या. हे बघा."

अप्पा आले. त्या दाखवत होत्या तिथं त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग एक पाऊल मागे सरले.

"महिनाभर," ते म्हणाले, "मी इथं एकटा बसत होतो असं मला वाटत होतं." त्यांनी चित्र काढून पालथं केलं आणि त्यांच्या हातात दिलं. "घेऊन जा, बाई. आत्ताच्या आत्ता."

६

समितीपुढे शनिवारी अकरा वाजता अप्पांनी सही केलेला कागद आणि पिशवीतून काढलेलं खरं चित्र, दोन्ही टेबलावर आलं. तय्यबने ओळखीसाठी नाझनीनला बरोबर आणलं होतं. तिने वाकून पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, "हाय. बघून राहिलंय."

तय्यबने आपला अर्ज मागे घेतला. तनुजासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मीनं सांगितलंय, अप्पावर केस करायची न्हाई. आन तू कधीबी येत जा, बहेन. चहा घेतल्याबगर जायचं न्हाई."

चोरीचा प्रश्न मिटला. पण वैजनाथ सरांनी कागद आवरले नाहीत. ते शिवगंगाबाईंचे विद्यार्थी. त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, चोरीतून ही सुटली. नोंदीचं तेवढं उरलं. तुमचा लेख आमच्याकडे अजून अभ्यासाला नेमलेला आहे. त्यावर तीन प्रबंध उभे आहेत, त्यातला एक माझा. तुम्ही बघितलंत तेव्हा आठच असतील. मागाहून कुणीतरी नववं भरलं असेल. हौशी माणसं असतात घराघरात. तसं नमूद करू. पोरीनंही तेवढा भाग गाळून टाकावा. सगळ्यांचंच नाव राहील."

सगळे शिवगंगाबाईंकडे पाहू लागले. तनुजा मान खाली घालून बसली होती. तिच्या प्रबंधाचं सगळं म्हणणं त्या एका पाखरावर होतं. सुगरणींच्या गजबजाटात चिताऱ्याने एक पाखरू मुद्दाम लपवून ठेवलं, बघणाऱ्याला थांबवण्यासाठी. ते गाळलं की पाच वर्षांत उरत काही नव्हतं.

"वैजनाथ, भिंग घे," शिवगंगाबाई म्हणाल्या. "राघूच्या पंखावरून बाभळीचा पाला आलाय, दिसतो? आधी पाखरू, वरून पाला. आणि दोन्ही एकाच घोटणीत बसलेत. मागाहून भरलेलं पाखरू पाल्याखाली कसं जाईल?"

वैजनाथ सरांनी बराच वेळ पाहिलं. "नाही जाणार," ते शेवटी म्हणाले.

"मग लिहून घे. मी सांगते तसं. शिवगंगा हलगे यांनी सदर चित्रातील पाखरे चित्रावरून मोजली नाहीत. फोटोवरून मोजली." त्यांनी टेबलावरचं पेन हातात घेतलं. "तनुजा पवार यांची नोंद बरोबर आहे. दे इकडं, सही करते."

बाहेर आल्यावर कॉलेजच्या पायरीवर दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या. रिक्षा येत होती. तनुजाने वही उघडली, पुन्हा मिटली.

"बोल की."

"बाई, प्रबंधात तुमच्या लेखाविषयी काय लिहू?"

"चुकलाय म्हणून लिही," शिवगंगाबाई रिक्षाला हात करत म्हणाल्या. "पान क्रमांकासकट."